विचारण्याआधी दिलेली उत्तरं

नव्या मशीनवर लिनक्स बसवायला घेतलं की ते प्रश्न विचारू लागतं. भाषा कोणती, देश कोणता, कीबोर्ड कोणता, मशीनचं नाव काय, रूटचा पासवर्ड काय, डिस्कचे भाग कसे पाडायचे, घड्याळ कुठल्या वेळेवर लावायचं आणि सगळ्यात शेवटी, हे बदल डिस्कवर लिहू का? समोर माणूस बसलेला आहे आणि त्याला हे सगळं ठाऊक आहे, असं धरूनच हे प्रश्न येतात. पतसंस्था आणि लहानमोठ्या कार्यालयांचे सर्व्हर उभे करणं आणि सांभाळणं हे माझं काम. या कामातली सुरुवातीची वर्षं मी अशा पडद्यांसमोर बसून, एकेका प्रश्नाला उत्तर देत काढली. आता ती उत्तरं आधीच एका फाईलमध्ये लिहिलेली असतात. मशीन चालू करायचं, फाईल कुठे आहे ते सांगायचं आणि उठायचं.

वेळ वाचला हे उघडच आहे. पण या फाईलनं मला शिकवलं ते वेगळंच. इतकी वर्षं जिला मी हाताची सवय समजत होते, ते खरं तर निर्णय होते. ते कुणीतरी कधीतरी घेतले होते, कुठेच लिहिले नव्हते आणि त्यांना विचारायला धनीही उरला नव्हता.

आमच्याकडे एक वरिष्ठ होते. त्यांचा हात इतका बसलेला होता की पडदा पुरता दिसायच्या आत त्यांची एंटर दाबून झालेली असे. त्यांच्याकडे एक जाड वही होती, तीत पायऱ्या लिहिलेल्या. तरीही त्यांनी बसवलेले दोन सर्व्हर शेजारी ठेवले तर ते जुळत नसत. एकावर लॉगसाठी डिस्कचा वेगळा भाग, दुसऱ्यावर नाही. एका शाखेत मदरबोर्डचं घड्याळ यूटीसीवर, दुसरीत भारतीय वेळेवर. दोन सर्व्हरच्या नोंदींत साडेपाच तासांचं अंतर दिसलं की काय झालं असणार हे आम्ही न बघता सांगत असू. यात निष्काळजीपणा कुणाचाच नव्हता. वहीत लिहिलं होतं ‘घड्याळ नीट लावणे’, आणि नीट म्हणजे काय हे त्या त्या दिवशी समोर बसलेला माणूस ठरवत होता.

आम्ही डेबियन वापरतो, म्हणून मला त्याची पद्धत जवळून माहीत आहे. डेबियनमध्ये पॅकेजनं विचारायचे प्रश्न डेबकॉन्फ नावाच्या एका व्यवस्थेतून जातात. ती जोई हेस यांनी लिहिली. तिच्यामागचा विचार मला आजही फार आवडतो. प्रत्येक प्रश्नाला स्वतःचं नाव आहे. प्रत्येक प्रश्नाच्या महत्त्वाची पायरी ठरलेली आहे: कमी, मध्यम, जास्त आणि अत्यावश्यक. उत्तर प्रश्नापासून वेगळं, एका साठ्यात राहतं. मग ते उत्तर पडद्यावरून आलं की फाईलमधून, याच्याशी पॅकेजला काही देणंघेणं नसतं. २००५ साली डेबियन ३.१ बरोबर नवा इन्स्टॉलर आला, तोही याच पायावर उभा आहे. म्हणून त्याचा जवळपास कुठलाही प्रश्न आधीच उत्तर देऊन मिटवता येतो. त्या उत्तरांच्या फाईलला प्रीसीड म्हणतात. रेड हॅटच्या जगात हेच काम किकस्टार्ट फाईल करते. तिथे तर हाताने केलेल्या प्रत्येक इन्स्टॉलेशननंतर रूटच्या फोल्डरमध्ये तुम्ही दिलेल्या उत्तरांची फाईल आपोआप तयार होऊन बसलेली असते. विंडोज सर्व्हर बसवणारे हीच गोष्ट एक्सएमएल फाईलमध्ये लिहितात.

प्रीसीडची ओळ दिसायला साधी असते. आधी प्रश्न कुणाचा, मग प्रश्नाचं नाव, मग उत्तराचा प्रकार आणि शेवटी उत्तर. प्रकार आणि उत्तर यांच्यामध्ये एकच स्पेस हवी. दुसरी पडली तर ती उत्तराचाच भाग होते. मशीनच्या नावाआधी एक जादा स्पेस गेली, तर माणूस वाचताना ती सोडून देतो, इन्स्टॉलर सोडत नाही. फाईलची मांडणी तपासून देणारी आज्ञा आहे आणि ती चालवल्याशिवाय आम्ही फाईल पुढे सरकवत नाही. पण ती फक्त मांडणी तपासते. उत्तर शहाणपणाचं आहे की नाही, हे तिला कळत नाही.

पहिली फाईल लिहायला बसलो तेव्हा सुरुवात सोपी वाटली. चालू सर्व्हरवरून त्याची साठवलेली उत्तरं काढता येतात, ती आम्ही काढली. लांबलचक यादी आली. वरिष्ठ शेजारी बसले आणि मी एकेक ओळ वाचत गेले.

“सर, लॉगसाठी वेगळा भाग ठेवायचाच का?”

“ठेवायचाच. एका ठिकाणी लॉग वाढत वाढत अख्खी डिस्क भरली होती. डेटाबेस बंद पडला, काउंटरवर रांग लागली. तेव्हापासून मी ठेवतो.”

“आणि स्वॅप एवढीच का?”

ते थोडा वेळ गप्प बसले. “अगं, हे मी नाही ठरवलं. सेटअपनंच तसं दिलं होतं. मी नुसतं पुढे जात होतो.”

हे उत्तर त्या दिवशी पुन्हा पुन्हा आलं. यादीतल्या काही ओळींमागे अनुभव होता, एखादी भरलेली डिस्क होती, एखादी रात्र होती. बाकीच्या ओळी नुसत्या पुढे गेलेल्या होत्या. पडद्यासमोर बसलेला माणूस या दोन्हींवर सारखाच एंटर दाबतो, त्यामुळे बाहेरून फरक दिसत नाही. फाईलमध्ये मात्र प्रत्येक ओळ लिहावी लागते, आणि लिहिताना ‘हे का’ असा प्रश्न येतोच. आपण काहीच लिहिलं नाही तरी तिथे उत्तर असतंच. ते पॅकेज लिहिणाऱ्यानं जगातल्या सर्वांसाठी म्हणून दिलेलं असतं. बहुतेक वेळा ते चांगलं असतं. पण सांगली जिल्ह्यातल्या पतसंस्थेचा सर्व्हर त्याच्या डोळ्यांसमोर असण्याचं काही कारण नाही.

न दिलेल्या उत्तराची किंमत किती असू शकते, हे मी एका कार्यालयात पाहिलं. सर्व्हर आम्ही बसवलेला नव्हता. आमच्या आधी कुणीतरी स्क्रिप्ट चालवून, कुणाच्या मदतीशिवाय पूर्ण होईल असा तो बसवला होता, आणि वरवर सगळं सुरळीत होतं. तक्रार आली ती सभासदांच्या नोंदणीची. तिथल्या बाईंनी मला शेजारी बसवलं आणि दाखवलं.

“मॅडम, हे बघा. ज्ञानेश्वर नाव घातलं की सेव्ह होतं. ज्ञानेश्वरी घातलं की होत नाही.”

खरंच होत नव्हतं. आधीच्या लोकांनी त्यांना सांगितलं होतं की मराठी नावांचा त्रास असतोच, इंग्रजीत लिहा. त्या ते मानायला तयार नव्हत्या, आणि त्यांचंच बरोबर होतं.

नावाच्या रकान्याला तीस अक्षरांची मर्यादा होती. ज्ञानेश्वरी हे नाव तीस अक्षरांचं असणं शक्यच नाही. मी तिथल्या डेटाबेसला, म्हणजे पोस्टग्रेला, त्या नावाची लांबी विचारली. उत्तर आलं ३३. ज्ञानेश्वरची विचारली, तर ३०. तिथेच उलगडा झाला. युनिकोडमध्ये ज्ञानेश्वर हे नाव दहा चिन्हांचं आहे: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. दहा गुणिले तीन म्हणजे तीस, जेमतेम बसलं. शेवटच्या वेलांटीनं अकरावं चिन्ह आलं आणि नाव मर्यादेबाहेर गेलं. डेटाबेस चिन्हं मोजतच नव्हता, बाइट मोजत होता.

डेबियनवर पोस्टग्रेचं पॅकेज बसलं की डेटाबेसचा पहिला क्लस्टर आपोआप तयार होतो, आणि तो भाषेची व्यवस्था, म्हणजे लोकॅल, त्या क्षणी सिस्टीमवर जे असेल ते उचलतो. स्क्रिप्ट ज्या छोट्या इमेजवर चालली होती, तिच्यात कुठलंच लोकॅल ठरवलेलं नव्हतं. मग पोस्टग्रेनं अगदी मूळचं, सी नावाचं लोकॅल घेतलं आणि त्याबरोबर एसक्यूएल-आस्की हे एन्कोडिंग आलं. त्या एन्कोडिंगमध्ये डेटाबेस आलेले बाइट जसेच्या तसे ठेवतो आणि त्यांचा अर्थ लावत नाही. म्हणून मराठी दिसत होतं, छापलंही जात होतं, आणि कुणाला शंका आली नव्हती. यादीचा क्रमही त्यामुळे चुकत होता. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्यामध्ये आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. त्यामुळे सभासदांच्या यादीत काळे हे आडनाव कावळे आणि काशीद यांच्या आधी येऊन बसलं होतं, आणि नोंदवहीशी ताळा करताना बाईंना दर वेळी शोधाशोध करावी लागत होती.

एकदा तयार झालेल्या डेटाबेसचं एन्कोडिंग जागच्या जागी बदलता येत नाही. सगळा मजकूर बाहेर काढून, यूटीएफ-८ चा नवा डेटाबेस उभा करून, त्यात पुन्हा भरावा लागतो. भरताना काही ओळी अडल्या. एका जुन्या अहवालासाठी नावं ठरावीक लांबीला कापून वेगळ्या रकान्यात ठेवली जात होती. ती कापणीही बाइट मोजूनच झाली होती, त्यामुळे काही नावांचं शेवटचं चिन्ह मधोमध तुटलं होतं. नवा डेटाबेस ते अर्धं चिन्ह घ्यायला तयार नव्हता. त्या ओळी आम्ही बाईंबरोबर बसून, सभासदांच्या अर्जांवरून एकेक करून दुरुस्त केल्या.

हे सगळं एका ओळीनं टळलं असतं. पोस्टग्रेचं पॅकेज बसवण्याआधी क्लस्टर बनवण्याच्या फाईलमध्ये लोकॅल आणि एन्कोडिंग लिहून ठेवता येतं, किंवा आपोआप क्लस्टर बनवूच नको असं सांगता येतं. आमच्या सेटअपमध्ये तेव्हापासून ते लिहिलेलं असतं, आणि त्याच्या वर कारणही लिहिलेलं आहे: सभासदांची नावं देवनागरीत राहणार आहेत. सर्व्हर उभा झाला की आमची तपासणी ज्ञानेश्वरी हे नाव डेटाबेसला देते आणि लांबी विचारते. अकरा आलं तरच पुढे जायचं.

या अनुभवातून मी एक गोष्ट पक्की धरली. माणूस समोर नसताना इन्स्टॉलेशन पार पडलं, म्हणजे प्रश्न संपले असं होत नाही. ते कुणाला ऐकू येणार नाहीत अशा ठिकाणी विचारले गेले, एवढंच. हाताने बसवलेला एक सर्व्हर चुकीचा निघाला तर एक शाखा अडते. चुकीच्या फाईलनं बसवले तर सगळ्याच शाखा एकाच पद्धतीनं अडतात, आणि सगळीकडे सारखंच दिसत असल्यानं ते बरोबरच असेल असं वाटत राहतं. म्हणून फाईल लिहिणाऱ्याची जबाबदारी पडद्यासमोर बसणाऱ्यापेक्षा जास्त आहे.

डिस्कच्या बाबतीत ही जबाबदारी सर्वांत जड असते. पडद्यावर बसवताना शेवटी इन्स्टॉलर थांबतो आणि विचारतो, हे बदल लिहू का? त्या क्षणी आपण समोरच्या मशीनकडे बघतो, डिस्कचा आकार वाचतो, मागची वायर तपासतो. प्रीसीडमध्ये हेच ‘हो’ आधी लिहून ठेवायचं असतं, तेही मशीन न बघता. त्यासाठी कुठली डिस्क हे सांगावं लागतं. आम्ही लिहीत होतो एसडीए, म्हणजे सिस्टीमला सापडलेली पहिली डिस्क. व्हर्च्युअल मशीनला दोन डिस्क जोडून तालीम घेतली, तेव्हा क्रम बदलला की पहिली कोण हेही बदलतं, हे डोळ्यांसमोर दिसलं. पेन ड्राइव्हवरून बूट केलं तर कधी पेन ड्राइव्हच एसडीए होतो. नव्या मशीनमधल्या एनव्हीएमई डिस्कचं तर नावच वेगळ्या धर्तीचं असतं. आणि आमच्या कामात अनेकदा जुन्या सर्व्हरची डिस्क माहिती उतरवून घेण्यासाठी नव्या मशीनला जोडलेली असते. चुकीच्या डिस्कवर आधी दिलेलं ‘हो’ लागू झालं, तर संस्थेची सगळी खाती तिथल्या तिथे पुसली जातील.

उबंटूनं या ठिकाणी घेतलेला निर्णय मला फार समंजस वाटतो. उबंटू सर्व्हरच्या २०.०४ या आवृत्तीपासून तिथे ऑटोइन्स्टॉल आलं, त्यात उत्तरं यामल फाईलमध्ये लिहितात. सगळी उत्तरं फाईलमध्ये असली, तरी डिस्कला हात लावण्याआधी ते एकदा थांबून ‘पुढे जाऊ का’ विचारतं. तो प्रश्नही नको असेल तर बूट करतानाच्या ओळीत वेगळा शब्द मुद्दाम लिहावा लागतो. कारण साधं आहे. अशी फाईल असलेला पेन ड्राइव्ह कुणी चुकून भलत्याच मशीनला लावला आणि ते मशीन चालू केलं, तर त्यावरचं सगळं पुसलं जाऊ नये. मशीनपाशी नसलेल्या माणसानं दिलेलं ‘हो’ किती दूरवर धरायचं, याचा त्या लोकांनी विचार केला आहे.

डेबियनमध्येही याची सोय आहे. एखाद्या प्रश्नाला उत्तर सुचवून ठेवायचं, पण तो प्रश्न पाहिलेला नाही अशी खूण करायची. मग इन्स्टॉलर आपलं उत्तर भरून दाखवतो आणि माणसाच्या होकाराची वाट बघतो. आमच्या फाईलमध्ये आता दोन प्रश्न असे मुद्दाम उघडे आहेत: मशीनचं नाव आणि डिस्कवर लिहिण्याची शेवटची परवानगी. शाखेत गेलेला माणूस नाव वाचतो, डिस्कचा आकार वाचतो, आणि मगच पुढे जातो. बाकी सगळं आपोआप होतं. सुरुवातीला मला वाटायचं की एकही प्रश्न न विचारणारी फाईल हीच चांगली फाईल. आता वाटतं, कोणते प्रश्न माणसासाठी राखून ठेवायचे हे ओळखणं हीच तिच्यातली खरी कारागिरी आहे.

पासवर्डचा प्रश्न त्याच जातीचा आहे. फाईल नेटवर्कवरून दिली तर त्या नेटवर्कवरचं कुणीही ती वाचू शकतं. पासवर्ड उघडा न लिहिता त्याचं सांकेतिक रूप लिहिण्याची सोय आहे, पण आम्ही तेही टाळतो. रूटचं लॉगिन बंद ठेवतो आणि प्रवेश किल्लीच्या जोडीनं देतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचा सेटअप उत्तरांची फाईल स्वतः तयार करून देतो, पण पासवर्ड मात्र तिच्यात लिहीत नाही. ते चालवणाऱ्यानं त्या वेळी द्यायचे. सेवा चालवणाऱ्याला हा एक पदर जास्त सांभाळावा लागतो, पण फाईल निर्धास्तपणे दुसऱ्याच्या हाती देता येते, आणि मला ते मोलाचं वाटतं.

आमच्या फाईलमध्ये आज प्रत्येक महत्त्वाच्या ओळीच्या वर कारण लिहिलेलं आहे. लॉगच्या वेगळ्या भागावर भरलेल्या डिस्कची हकिकत एका वाक्यात आहे. घड्याळ यूटीसीवर का, तेही आहे. ज्या ओळी आम्ही नुसत्याच जशाच्या तशा ठेवल्या आहेत, तिथे तसंच लिहिलं आहे: विचार केला, बदलायचं कारण सापडलं नाही. बदल करायचा तर तो गिटमध्ये जातो, दुसरा माणूस वाचतो, व्हर्च्युअल मशीनवर दोन डिस्क जोडून तालीम होते आणि मगच शाखेत जातो. कामाच्या गडबडीत हे कधी जड वाटतं. तरीही आम्ही ते सोडत नाही.

वरिष्ठ निवृत्त झाले, त्यांची वही ते घेऊन गेले. त्यांच्या जागी आलेला मुलगा नुकताच कॉलेजमधून बाहेर पडला होता. त्यानं आल्या आल्या फाईल वाचायला घेतली आणि विचारलं, “ताई, स्वॅपच्या ओळीवर लिहिलंय की बदलायचं कारण सापडलं नाही. आता आपल्या मशीनमध्ये मेमरी खूप वाढलीय. हे कारण होईल का?”

मी त्याला म्हटलं, “तालीम घेऊन बघ आणि काय दिसतं ते लिही.”

त्यानं बघितलं, लिहिलं, आणि ती ओळ बदलली. तिच्या वरचं कारणही बदललं. वरिष्ठांनी कधीतरी एंटर दाबून पुढे ढकललेल्या प्रश्नाला इतक्या वर्षांनी कुणीतरी विचार करून उत्तर दिलं होतं, आणि त्या उत्तराखाली त्याची सही होती. मशीनपाशी कुणी नसताना चालणाऱ्या कामाकडून मी एवढीच अपेक्षा ठेवते. उत्तर कुणी दिलं आणि का दिलं, हे पुढच्या माणसाला वाचता यावं, म्हणजे ते चुकीचं ठरलं तर बदलण्याचा अधिकार आपल्याला आहे हेही त्याला कळतं.